शिवणाच्या बाईंनी फ्लॅट घेतला

सई आणि निनाद,

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई कोणाकडेही गेल्या तरी आधी बसत नसत. भिंतीपाशी जात, अंगठा आणि करंगळी ताणून भिंतीवर वीत ठेवत, ती उचलून पुढे ठेवत, अशा भिंतीच्या टोकापर्यंत जात आणि मग म्हणत, "मोठं हाय." नाहीतर नुसतंच, "हं." घरच्या बाईला वाटे, भिंतीला ओल आली की काय. मग मी सांगायची, "शिवण शिकवतात ना, मापं घ्यायची सवय आहे." पण ती सवय नव्हती. बाई घर घ्यायच्या विचारात होत्या, आणि तो विचार त्यांनी जवळजवळ अख्खी नोकरी केला.

तुम्हाला त्या थोड्या आठवत असतील. निनाद, तुझे पहिलीतले शाळेचे शर्ट त्यांनीच शिवले होते, आणि तू वाढशील म्हणून बाह्या हातभर लांब ठेवल्या होत्या.

आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. मागच्या रविवारी सई फोनवर म्हणाली की ती राहते त्या गावी तिने एक दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला आहे, आणि कर्जाचा हप्ता झेपावा म्हणून एक खोली भाड्याने देणार आहे. फोनभोवती आम्ही सगळे होतो. तुमचे बाबा म्हणाले, "परक्या माणसाला घरात कशाला घ्यायचं?" तुमची आई म्हणाली, "स्वयंपाकघर एकच असेल ना गं?" सईने शेवटी विचारलं, "आजी, तू काहीच बोलली नाहीस. तुला काय वाटतं?" मी बोलले नाही, कारण सई, मला तुझा हेवा वाटत होता. तो हेवा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो मला पहिल्यांदा शिवणाच्या बाईंचा वाटला होता. म्हणून त्यांच्याबद्दल क्रमाने लिहिते.

बाई कळंबकडच्या. घरी कापूस आणि तुरीची शेती, एक धाकटा भाऊ. त्यांचं लग्न झालं नाही. का नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. यवतमाळला आमच्या शाळेत लागल्या आणि आमच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आल्या. मी तेव्हा नुकतीच इंग्रजी शिकवायला लागले होते, आणि नुकतीच या घरची सून झाले होते.

माझ्या सासूबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी नियम सांगितले. दहानंतर दिवा नाही. पुढच्या दोरीवर कपडे नाहीत. बाहेर जाताना सांगून जायचं, आल्यावर तोंड दाखवायचं. हे भाडेकरूचे नियम होते. सुनेचेही तेच होते, फक्त ते मला कोणाला सांगावे लागले नाहीत.

एकदा दुपारी सासूबाई मागच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "अहो, मशीनची खडखड बंद करा. माझा डोळा लागतोय."

आतून आवाज आला, "आजी, भाडं देते ना मी? मंग दुपारी मशीन चालन. सांजच्याले बंद ठेवीन."

सासूबाई चक्क परत आल्या आणि आडव्या झाल्या. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, त्यातली एक करपली. संध्याकाळी मी बाईंना विचारलं, "तुम्ही असं बोलू कशा शकता?"

"भाडं देणाऱ्याले बोलता येते, ताई," त्या म्हणाल्या. "तुमी कायच्या भरवशावर बोलसान?" आणि मोठ्याने हसल्या. मीही हसले. पण त्यांना दर महिन्याला भाड्याची पावती मिळते आणि मला काहीच मिळत नाही, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

पुढे माझ्या दिरांचं लग्न ठरलं आणि बाईंना खोली सोडावी लागली. त्यानंतर त्या गावभर फिरल्या. जिथे जात, तिथे थोड्या वर्षांत मालकाचा मुलगा लग्नाचा होई. बाई शाळेत येऊन स्टाफरूममध्ये पिशवी आपटत. "बाप्पा! लग्न त्याइच्या पोराचं अन् सामान माह्यं हालते!" आम्ही सगळ्या हसायचो. मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "ताई, एक दार पाहिजे. ज्याच्यातून मले कोणी 'खाली करा' म्हणणार नाई असं."

निवृत्ती जवळ आली तेव्हा दारव्हा रोडला अपार्टमेंट्स उभ्या राहू लागल्या होत्या. आमच्या ओळखीत तोवर कोणी फ्लॅट घेतलेला नव्हता. लोक प्लॉट घेत, कंपाउंड घालत, आंबा लावत. बाईंनी फ्लॅट घ्यायचं ठरवलं, आणि पाहायला मला बरोबर नेलं. तेही मे महिन्यात, भर दुपारी.

बिल्डरचा तरुण माणूस घामाघूम होऊन म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी या ना. इथे हवा फार छान येते."

"सांजची हवा आमाले फुकट भेटते, बाबू. तू दुपार दाखव."

वर जाऊन त्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावायच्या आणि झटकन मागे घ्यायच्या. "तवा हाय हा." मग मला शिकवल्यासारखं सांगायच्या, "उन्हाळ्यात घर पाहाव, ताई. हिवाळ्यात तं कोणतंबी घर चांगलंच वाटते." पाण्याचं त्या बिल्डरला विचारतच नसत. खाली उतरून शेजारच्या इमारतीत भांडी घासणाऱ्या बाईला विचारत, "नळ कितव्या दिवशी येते वं? अन् टँकर आतपर्यंत येते का रस्त्यावरच थांबते?" तिचं उत्तर ऐकून त्यांनी कितीतरी फ्लॅट सोडले. माझी छत्री त्या एका उन्हाळ्यात विटली.

शेवटी एक ठरला. तिसरा मजला, दोन खोल्या, मध्ये बैठक. पूर्वेच्या खोलीला स्वतःचं न्हाणीघर, आणि खिडकीबाहेर कडुनिंब. पश्चिमेची खोली लहान आणि दुपारी भाजून निघणारी. मी म्हटलं, "पूर्वेची तुम्हाला छान होईल. पलंग इथे ठेवा, खिडकीपाशी."

"ती भाड्याची," बाई म्हणाल्या.

"मालकीण कोण? तुम्ही की भाडेकरू?"

"मालकीण मी. म्हणूनच तं. चांगल्या खोलीत माणूस टिकते. माणूस टिकलं तं बँकेचा हप्ता टिकते, अन् हप्ता टिकला तं मी टिकते. मले काय, गरम खोलीबी माही हाय म्हटलं की थंड लागन."

मी घरी आले. माझी खोली बाईंच्या दोन्ही खोल्यांहून मोठी आहे, तुम्ही पाहिली आहे. पण हे घर सासऱ्यांच्या नावावर होतं, मग तुमच्या आजोबांच्या झालं, आता तुमच्या बाबांच्या आहे. मला इथे कोणी वाईट वागवलं नाही. उपाशी ठेवलं नाही. शब्द खाली पडू दिला नाही, असंही बऱ्याचदा म्हणता येईल. पण हेवा वाटायला अन्याय व्हावा लागत नाही. अख्खी नोकरी मी सातवीच्या मुलींकडून 'माय हाउस' हा निबंध लिहून घेतला. पहिलं वाक्य मीच फळ्यावर लिहून द्यायची, 'हे माझं घर आहे' अशा अर्थाचं. मुली ते उतरवून घ्यायच्या. ते वाक्य खरं करून दाखवणारी शाळेतली पहिली बाई निघाली ती शिवणाची.

आता वास्तुशांतीचं सांगते.

गुरुजी म्हणाले, यजमान जोडीने पाटावर बसायला हवेत. एकट्या बाईला बसता येणार नाही. "एकटा पुरुष असता, तर बायकोच्या जागी सुपारी ठेवून भागवलं असतं."

"म्हणजे बाईपरीस सुपारी बरी!" बाई म्हणाल्या. गुरुजींनाही हसू आलं.

गावाहून भाऊ आणि वहिनी आदल्या दिवशीच आले होते. वहिनी नवं लुगडं नेसून तयार होत्या, भावाने उपरणं खांद्यावर टाकलं होतं. पाट मांडले गेले, आणि बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई अन् भाऊजी बसतीन."

तुमचे आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. वहिनींचा चेहरा उतरला. मी बाईंना स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, "अहो, सख्खा भाऊ आलाय."

"म्हणूनच," त्या कानाशी म्हणाल्या. "भाऊ बसला तं उद्या म्हणन, वास्तू म्या केली. तुमचं तसं नाई. तुमाले घर हाय."

आम्ही बसलो. घरात उजवं पाऊल माझं पहिलं पडलं. शेगडीवर दूध मी ठेवलं, ते उतू जाईपर्यंत मीच उभी राहिले. गुरुजी मला मालकीणबाई म्हणत होते आणि मी हात पुढे करून पळीभर पाणी घेत होते. मंत्र चालू असताना माझं लक्ष कुठे होतं सांगू? पूर्वेच्या खोलीत. तिथे मी माझं टेबल खिडकीला लावलं, कडुनिंबाच्या बाजूला पुस्तकं लावली, आणि दाराला आतून कडी घातली. आणि जिचं घर होतं ती पदर खोचून पंगतीची पानं मांडत होती.

संध्याकाळी निघताना बाई दाराशी आल्या. "ताई, पाटावर बसल्या म्हणून घर तुमचं नाई होत बरं!" सगळे हसले. आजोबा तर घरी पोचेपर्यंत हसत होते. मीही हसले, पण मला वाटलं, हिला ते टेबल दिसलं की काय.

भाऊ तेवढ्यावर थांबला नाही. जूनमध्ये परत आला. त्याच्या मुलाला यवतमाळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी तिथे चहा पीत होते. तो म्हणाला, "बाई, सख्खी आत्या असताना पोरगा होस्टेलात राहीन का? खोली तं रिकामीच हाय."

"रिकामी नाई, भाड्याची हाय. जेवाले रोज येऊ दे त्याले. दोन्ही टाइम येऊ दे. राहाले नाई."

"परकी पोर चालते, घरचा पोरगा नाई चालत?"

"भाडेकरूले 'जा' म्हटलं की जाते. पुतण्या नाई जात," बाई म्हणाल्या. "अन् मले 'जा' म्हणता येणार नाई, हे तुलेबी माहीत हाय."

भाऊ चहा अर्धा सोडून उठला. बाईंनी तो कप उचलला, मोरीत ओतला आणि बराच वेळ धूत राहिल्या. पुतण्या मात्र रोज जेवायला आला. त्याच्या आवडीची वांग्याची भाजी बाई मुद्दाम करायच्या. पण जेवण झालं की त्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या, तो चपला घालेपर्यंत.

पहिली भाडेकरू आली ती झरी जामणीकडची एक मुलगी. कोलाम आदिवासी घरातली, नर्सिंग शिकणारी, इतकं हळू बोलणारी की दोनदा विचारावं लागे. बाईंनी तिला खोली दाखवली. मुलीने विचारलं, "नियम काय आहेत, बाई?"

"एकच. मले सांगून जायचं नाई. कुलूप लावून जायचं."

मुलगी गोंधळली. "कुठं जाते ते सांगू नको?"

"मले कायले पाहिजे?"

मी तिथेच होते. सासूबाईंना जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती, तरी मी मागे वळून पाहिलं.

गंमत अशी की ती मुलगी सगळं सांगायची. वॉर्डात काय झालं, मेट्रन काय म्हणाली, गावी मोहफुलं किती पडली. मी संध्याकाळी जायची तेव्हा दोघी बैठकीत भाकरी खात हसत असायच्या. मी विचारायची, काय झालं? त्या मला समजावून सांगायच्या, आणि समजावून सांगितल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरायचं नाही. तिने बाईंना थोडं कोलामी शिकवलं होतं. दोघी मध्येच ते बोलायच्या. माझ्याशी इतक्या वर्षांची मैत्री, मी इंग्रजीची शिक्षिका, पण माझ्याकडून बाईंनी एक वाक्य शिकून घेतलं नव्हतं. आधी मला बाईंचा हेवा वाटे. आता भाडेकरणीचाही वाटू लागला.

तुमचे आजोबा गेले, त्यानंतरची गोष्ट. माझ्या खोलीत तुमच्या बाबांचा व्यायामाचा सायकल-सांगाडा आला, मग प्रिंटर आला. ते काही चूक नव्हतं, जागा होती. पाहुणे आले की मी बैठकीतल्या दिवाणावर झोपायची, तेही मीच सुचवलं होतं. एका एप्रिलमध्ये बाई आमच्याकडे आल्या. सायकलकडे पाहिलं. भिंतीवर वीत ठेवली नाही.

"ताई, पोरगी पास झाली. तिले नागपूरले नोकरी लागली. पूर्वेची खोली खाली होऊन राह्यली. तुमी या."

"पाहुणी म्हणून?"

"भाड्यानं. पाहुण्याले लोक विचारते, कवा जाता. भाडेकरूले तसं फक्त मालकच म्हणू शकते, अन् मालक मी हाव. तुमची पेन्शन हाय. कुलूप तुमचं आणा."

सई, मनात मी त्या खिडकीला पुन्हा टेबल लावलंसुद्धा. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "विचारून सांगते."

"कोणाले?"

"घरी."

बाई उठल्या. "विचारा," म्हणाल्या आणि चप्पल घालून गेल्या.

मी तुमच्या बाबांना विचारलं. त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. "आई, इथे काही कमी आहे का?" काहीच कमी नव्हतं, तसं मी सांगितलं. "मग लोक म्हणतील, मुलाने आईला भाड्याच्या खोलीत टाकलं." तुमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं तिचंच काही चुकलं. मग नागपूरला तुमच्या आत्याला विचारलं. तिने तिच्या यजमानांना विचारलं. माझ्या धाकट्या भावाने अकोल्याहून सांगितलं की आधी तब्येत दाखवून घे. शेवटी सगळ्यांचं ठरलं की आई हवापालट म्हणून थोडे दिवस जाऊ शकते. परवानगी मिळाली. मी नवी उशी घेतली, बाजारातून एक कुलूप घेतलं आणि दारव्हा रोडला गेले.

दार एका अनोळखी मुलीने उघडलं. नुकतीच न्हालेली, केसांना टॉवेल. पूर्वेच्या खोलीत पलंगावर फुलाफुलांची चादर होती.

बाई आतून आल्या. माझ्या हातातली उशी त्यांनी पाहिली.

"लय वाट पाह्यली, ताई. हप्ता काई थांबत नाई."

"मला सांगायचं तरी. मी नाही म्हटलं नव्हतं."

"हावबी कुठं म्हटलं? तुमी तं विचारत होत्या." त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी मला बसवलं, पंखा लावला. "पोर पुसदची हाय. बीएडले आली. आली, खोली पाह्यली अन् 'घेते' म्हणाली. मंग मी तिले काय सांगू? एक जणी घरी विचारून राह्यल्या म्हणून?"

त्या मुलीने चहा केला. आतूनच विचारलं, "आजी, साखर किती?" या शेगडीवर पहिलं दूध मी उतू घातलं होतं, आणि चार दिवसांची ही मुलगी मला विचारत होती, साखर किती. मी म्हटलं, "बिनसाखरेचा." मला साखर चालते, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी माझ्या कपात दोन चमचे टाकले आणि ढवळून दिला.

त्यानंतर खोली परत कधी रिकामी राहिली नाही. एक मुलगी जायची, तिची मैत्रीण यायची. बाईंनी मला पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. कर्ज फिटलं त्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या, आणि आमच्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आता मले बँकबी 'खाली करा' म्हणत नाई."

बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा झाला. दवाखान्यात त्यांच्या मुली आळीपाळीने बसल्या, आत्ताची आणि आधीच्याही. झरीची ती, आता सिस्टर झालेली, नागपूरहून रजा काढून आली आणि बाईंच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली. मी खोलीच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. मला ते समजलं नाही.

तेराव्यानंतर भावाने मला फ्लॅटवर बोलावलं. तोही आता थकला आहे. घर आता त्याच्याकडे आलं. बाईंच्या गरम खोलीत पलंगाच्या कडेवर बसून तो म्हणाला, "ताई, तुमी तिच्या जवळच्या. त्या पोरीले काय सांगू? खाली कर म्हणू का?"

मुलगी बैठकीत होती. तिच्या ताटाचा आवाज एकदम थांबला.

मला क्षणभर काय वाटलं, ते लिहायला हरकत नाही. मला वाटलं, सांगावं, खाली करायला सांगा, खोली मला द्या, मी या वेळी कोणाला विचारणार नाही. शब्द अगदी ओठांवर होते.

मी विचारलं, "भाडं वेळेवर देते का?"

"देते."

"परीक्षा केव्हा आहे?"

"ते मले काय माहीत?"

"मग तिला काय सांगायचं आहे तुम्हाला?"

त्याने पलंगावरच्या चादरीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाला, "बाईनं आमाले कधी राहू नाई देलं इथं."

"नाही दिलं," मी म्हटलं.

"पण पोराले चार वर्षं जेवू घातलं." त्याने तळहाताने डोळे पुसले. "राहू द्या मंग तिले."

बैठकीत ताट पुन्हा वाजलं.

सई, तू मला विचारलंस की आजी, तुला काय वाटतं. मला काय वाटतं ते वर लिहिलं आहे. तू मला विचारत बसू नकोस.

शिवणाच्या बाई नाहीत. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, पूर्वेच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते, आणि मला तिचा हेवा वाटतो.